पोत्यातली मुलं

लेस्टरमधल्या आमच्या मराठी मंडळाने एका डिसेंबरात सांताक्लॉजचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सांता म्हणजे आमच्यातलेच एक दंतवैद्य. अध्यक्षांनी 'बालगोपाळांचे लाडके अतिथी' अशी त्यांची ओळख करून दिली आणि मग वीस मिनिटं अध्यक्ष स्वतःविषयीच बोलले. लाल कोटावरून शाल सारखी घसरत होती. शेजारी बसलेल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलीने माझी बाही घट्ट धरली होती. ती फक्त पोत्याकडे बघत होती.

चूक माझी होती. तिच्या वर्गातली एकुलती मराठी मैत्रीण नोव्हेंबरात अचानक शाळेत यायची थांबली. त्या घराला व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली होती. आठवड्यात सगळे नागपूरला परतले. मुलीला आम्ही म्हणालो, "गेली ती." लहान मुलांना याहून जास्त कळत नाही, हा समज मोठ्यांच्या सोयीचा असतो.

त्याच आठवड्यात जेवायला आलेल्या पाहुण्यांना मी सांताची कुळकथा ऐकवली. वाचलेलं ऐकवायची मला खोड आहे. सांता मुळात एक संत, आणि आल्प्सच्या खेड्यांत तो एकटा येत नसे. मागून शिंगं असलेला, साखळ्या खुळखुळवणारा एकजण येई आणि वाईट मुलांना पाठीवरच्या टोपलीत नाहीतर पोत्यात घालून नेई.

"म्हणजे आपला बागुलबुवाच," मी म्हणालो. "पुढे दुकानदारांनी दोघांना धुऊनपुसून एक केलं. दाढी संताची, पोतं बुवाचं."

पाहुणे हसले. मुलीने विचारलं, "बाबा, आधीचे मुलं कुठे गेली? पोत्यातले?"

"ते कुठे लिहिलेलं नाही," मी म्हणालो. त्यावरही पाहुणे हसले.

हॉलमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर गेली, सांताला वळसा घालून पोत्यापाशी वाकली आणि मैत्रिणीचं नाव घेऊन म्हणाली, "तू आत आहे?"

माइक चालू होता. सगळा हॉल हसला. "अगं, तुझं गिफ्ट आहे आत," दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी पोत्यात हात घातला. ती मागे सरली, आणि रिकाम्या हाताने धावत माझ्याकडे आली.

गाडीत बसल्यावर मी सांगून टाकलं. "ती पोत्यात नाहीये गं. नागपूरला आहे. त्यांना इथून जायला सांगितलं."

"कोणी?"

"एका ऑफिसने."

"तो कसा दिसते?"

"दिसत नाही. घरी पत्र येतं."

"ती बॅड होती?"

"नाही."

तिने यावर बराच विचार केला. आमचेही पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेले होते, त्याला चार महिने झाले होते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आपल्याला आला पत्र?"

"अजून नाही."

"मग घरी नको जाऊया," ती म्हणाली. मी बेल्ट लावायला वाकलो, तर तिने बक्कल दोन्ही हातांत दाबून धरलं होतं.