काचेच्या पेटीतली सोबत

मुलगा नोकरीसाठी वॉटफर्डला गेला आणि लीड्सच्या या घरात मी उरले, आणि उरली त्याची अजगराची मादी. सोळाव्या वर्षी त्याने तिला आणले तेव्हा ती त्याच्या मनगटावर बांगडीसारखी बसली होती. आता ती माझ्या उंचीहून लांब आहे. त्याच्या खोलीतली काचेची पेटी दिव्याने उबदार असते, आणि जिना चढताना लाकडाच्या भुशाचा कोरडा, गोडसर वास सामोरा येतो. संध्याकाळी ती कूस बदलते तेव्हा रेशमी साडीचा घोळ फरशीवरून सरकावा तसा आवाज होतो. या घरात माझ्याखेरीज होणारा तो एकच आवाज.

त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्राण्यांना मनाई. "आई, तिला विकून टाक," तो फोनवर म्हणाला. "मग तू फ्री, माझ्याकडे राहायला यायला. तिचं एक्स्क्यूज देऊन तू ते घर सोडत नाहीस."

मी विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. एवढ्या मोठ्या जिवाच्या विक्रीला कायदा कुठेतरी आडवा येईल, अशी छुपी आशा होती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की पाळायचा परवाना विषारी सापांना लागतो, अजगराला लागत नाही. विकायचा परवाना धंदा करणाऱ्याला लागतो, घरचा एकच साप देणाऱ्याला लागत नाही. घेणारा सोळा वर्षांच्या आतला मात्र नसावा. मी विचारले, त्याचे घर थंड असले तर?

"ते तुम्हीच पाहून ठरवायचं," त्या म्हणाल्या.

मुलाने दिलेली जाहिरात पाहून गिऱ्हाईक आले ते नेमके नागपंचमीला. माहेरी त्या दिवशी विळीला हात लावत नसत. मीही सकाळी काही न चिरता पुरणाचे दिंड उकडले होते, एकटीपुरते. गृहस्थ सौम्य होते. सोबत त्यांनी उशीचा धुतलेला अभ्रा आणला होता. साप त्यातच घालून नेतात. तिला त्यांनी दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देत उचलले. त्यांच्या घरी आणखी दोन अजगर होते, स्वतंत्र गरम खोली होती. नाकारावे असे त्यांच्यात काहीच सापडेना.

"माफ करा," मी म्हणाले, "आज नको."

"मग पुढच्या रविवारी?"

"तेव्हाही नको."

त्यांनी कारण विचारले नाही. अभ्र्याची घडी घातली, चहा घेतला, आणि फॉइलमध्ये बांधून दिलेले दिंड घेऊन ते गेले.

मुलाला कळवले. "म्हणजे तू येणार नाहीस," तो म्हणाला, आणि त्याने जेवलीस का, एवढेच विचारले.

सापाला माणूस ओळखू येत नाही, ऊब कळते. हे मुलानेच मला शिकवले होते. तरी मी पेटी उघडून हात आत ठेवला. जीभ बोटांना शिवल्या न शिवल्यासारखी फिरली. मग तिचे जड, गार अंग मनगटावर येऊन स्थिरावले, आणि हळूहळू माझ्याच उबेने कोमट होत गेले.