खुशाली नसलेलं पत्र

मस्कतमधल्या वादी कबीरच्या शाळेतल्या निम्म्या मुलींचे गणवेश नूतन शिवायची. आठवी शिकलेली, तोंडात टाचण्या धरून काम करणारी बाई. त्यामुळे रुवीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या शुक्रवारच्या बायबल अभ्यासात तिने हात वर केला, तेव्हा सगळे वळूनच बघायला लागले.

“एक शुक्रवार मला द्या.”

अभ्यास नेहमी दयानंदसर घ्यायचे. ते म्हणाले, “पौलाचं गलतीकरांस पत्र उरलंय. अवघड आहे हो, नूतनबाई. जमलं नाही तर पुन्हा हट्ट नको.”

आठवडाभर तिने पौलाची पत्रं कापलेल्या कापडासारखी शेजारी-शेजारी मांडून पाहिली. या एका पत्रात काहीतरी कमी होतं. बटण राहून गेल्यासारखं. मग आठवली हवाबी.

नूतनचे वडील रत्नागिरीकडे पोस्टमन होते. मस्कतहून हारूनचं पत्र आलं की त्याच्या बायकोला, हवाबीला, ते नूतन वाचून दाखवायची. एकदा सलाम झाला आणि थेट मजकूरच सुरू. “थांब गो,” हवाबी म्हणाली, “खैरियत खंय हाय? खुशाली नाय म्हणजे रागावलेत ते!”

शुक्रवारी नूतन उभी राहिली. आवाज खणखणीत.

“पौल आधी स्वतःचं नाव लिहितो, मग ज्यांना लिहायचं त्यांचं, मग आशीर्वाद. त्यानंतर बहुतेक पत्रांत देवाचे आभार. आपलं ‘इकडील सर्व क्षेम’ असायचं ना, तसं. आता इथे शोधा.”

पानं सळसळली. कुणालाच सापडेना.

“नाहीच ते. आशीर्वाद संपला की थेट झापायलाच घेतलंय. इतका चिडलाय.”

एक बाई हसली, मग सगळेच. दयानंदसर मोबाईलमध्ये डोकं घालून हेच शोधत होते. “त्या काळच्या पत्रांत आभार मानायची रीत होतीच म्हणे,” ते पुटपुटले. “आणि आभार इथे गाळलेत, असंच लिहिलंय.”

“आता शेवट बघा. तोवर पौल सांगत होता, लेखनिक लिहीत होता. इथे पौल म्हणतो, ही मोठाली अक्षरं माझ्या हातची. हारूनचं पत्रही दुसराच कुणी लिहायचा. पण त्या रागाच्या पत्रातसुद्धा शेवटची वाकडीतिकडी ओळ त्याची स्वतःची होती. हवाबी त्या ओळीवरून बोट फिरवत बसली. राग होता, पण माणूस सुटला नव्हता.”

दयानंदसरांनी आपली वही मिटली आणि टेबलामागची स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“बसा, नूतनबाई. पुढच्या शुक्रवारी कुठलं घेताय?”

“करिंथकरांस,” ती ऐसपैस बसत म्हणाली. “आणि सर, येताना वाचून या.”