आत्याचं डिजिटल मंगलाष्टक

ताईचं लग्न गुडगावशेजारच्या द्वारकेत, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. आमच्या घरात लग्न कुणाचंही असो, एक मंगलाष्टक आत्यानं रचायचं आणि आत्यानंच म्हणायचं, हा अलिखित कायदा. त्यात दोन्हीकडच्या झाडून सगळ्यांची नावं बसवायची, मग चाल मोडली तरी बेहत्तर. पण नेमकी लग्नाच्या तोंडावर आत्या नागपुरात पाय मोडून बसली. ताईनं जाहीर करून टाकलं, "आत्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी माळ घालणार नाही."

शेवटी आत्याच्या शेजाऱ्यांनी कॉम्प्युटरवर तिचा आवाज रेकॉर्ड करून सीडी पाठवली. ती घरच्या सीडी प्लेयरवर चालेना, म्हणून आम्ही अख्खा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून हॉलमध्ये नेला. सकाळी हॉलच्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली, आत्या खणखणीत वाजली आणि मी निर्धास्त मनानं फेटा बांधायला गेलो.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींच्या पहिल्याच 'सावधान'ला गुडगावहून आलेल्या पंजाबी वरपक्षानं सगळ्या अक्षता एका दमात उधळल्या आणि एकमेकांना मिठ्या मारायला सुरुवात केली. त्यांना आवरून, पुन्हा अक्षता वाटून झाल्यावर गुरुजींनी मला खूण केली. मी प्ले दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ सरकत होती, आवाजाचा मात्र पत्ता नाही.

व्हॉल्यूमच्या सगळ्या पट्ट्या मी पार वर नेल्या. म्यूट केलेलं नव्हतं. मागच्या हिरव्या भोकातली वायर काढून परत खुपसली. मुहूर्त जवळ येत चालला होता आणि गुरुजी बिचारे एकेका नदीचं नाव ताणत वेळ काढत होते. "अरे, झालं का?" ताईनं विचारलं. मी शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे वळलो.

"बाबा, तुम्ही याला हात लावलात?"

"बिघडवलं काही नाही रे, उलट सुधारलं," बाबा म्हणाले. "त्या व्हॉल्यूमच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'डिजिटल आउटपुट ओन्ली'चा चौकोन रिकामा होता. बिल्कुल छोटीशी टिक केली. अच्छा आवाज यायला हवा ना!"

एका टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं ताटकळलेले आमचे बाबा आता बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या गोष्टीवर लट्टू होते. त्यांच्या टिकेनं आत्याला दुसऱ्याच भोकातून बाहेर धाडलं होतं, आणि तिथं काही जोडलेलंच नव्हतं. मला राग यावा की हसू, तेच कळेना.

मी टिक काढली. पट्ट्या वरच राहिल्या होत्या, त्यामुळे आत्या अशी कडाडली की व्याही खुर्चीतून उठून उभे राहिले. तिनं पंजाबी नावंसुद्धा चालीत कोंबली, श्वास पुरेना तरी थांबली नाही. 'सावधान' झालं. नागपुरात रेकॉर्डिंग मात्र कुणी वेळेवर बंद केलेलं नव्हतं. एक खुर्ची करकरली आणि आत्याचा रोजचा, बोलण्यातला आवाज आला, "बरं झालं का हो? इथं एकटीनं म्हणताना काही कळतच नाही बघा."

अंतरपाटाआडून ताईनं त्या खोक्याला मोठ्यानं उत्तर दिलं, "छान झालं गं, आत्या. फार छान झालं."