कावळ्यांच्या ओळखीचा माणूस

भाऊंचा चेहरा विद्यापीठाच्या ताब्यात गेला तो त्यांच्या चष्म्यामुळे. एरवी नाकासमोर चालणाऱ्या या माणसाकडे उभ्या जन्मात कोणी वळून पाहिलं नव्हतं. प्राणिशास्त्र विभागात ते मदतनीस होते. बरण्या पुसायच्या, पिंजरे धुवायचे, फाटलेली जाळी शिवायची आणि विद्यार्थ्यांनी हरवलेली दुर्बीण त्यांच्याच गळ्यात आहे हे त्यांना दाखवून द्यायचं, ही त्यांची कामं. यातल्या कुठल्याच कामाला चेहरा लागत नाही.

विभागप्रमुखांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो का, हे सरांना तपासायचं होतं. युक्ती साधी होती. कावळे पकडणाऱ्याने रबरी मुखवटा घालायचा, पायात रंगीत कडी अडकवून कावळे सोडून द्यायचे, म्हणजे त्यांचा जो काही राग असेल तो मुखवट्यावर बसेल. पुढे कोणीही तो मुखवटा घालून हिंडावं आणि कावळे काय करतात ते बघावं. आतला माणूस नामानिराळा.

मुखवट्याच्या साच्यासाठी कोणीतरी तोंडाला ओलं प्लास्टर थापून तासभर पडून राहायला हवं होतं. ते ऐकून विद्यार्थी असे पांगले की औषधाला एक सापडेना. शेवटी सर स्वतःच चष्मा काढून आडवे झाले. नाहीतरी ज्यावर कसलाही भाव नाही असाच चेहरा हवा होता, असं विभागात दबक्या आवाजात बोललं गेलं.

कावळे पकडायचं काम अर्थातच भाऊंकडे आलं. त्यांनी पहाटे जाळं लावलं, मुखवटा चढवला आणि त्यांच्या लक्षात आलं की आतून चष्मा लागत नाही. चष्म्याशिवाय भाऊंना कावळा आणि बादली यांतला फरक कळत नसे. मग त्यांनी मुखवटा काढून खिशात कोंबला, चष्मा लावला, कावळे धरले, कडी घातली, कावळे सोडले आणि फोटोच्या वेळी मुखवटा पुन्हा घातला. फोटो झकास आला. भाऊंनी यातलं कोणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलंच नाही.

पुढे विद्यार्थी पाळीपाळीने मुखवटा घालून झाडांखालून फिरले. कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सर खिन्न झाले. कावळ्याच्या हुशारीचा लोकांनी उगाच बोलबाला केला आहे, असा निष्कर्ष ते लिहायला बसले होते, तेवढ्यात भाऊ चहा घ्यायला बाहेर पडले. टपरी अंगणापलीकडेच होती, पण भाऊ तिथवर पोचलेच नाहीत. एका कावळ्याने आरोळी दिली आणि साऱ्या आवारातले कावळे गोळा झाले. एकाने टाळूवर टोच मारली, दुसऱ्याने कान धरला, बाकीचे वरून शिव्या देत राहिले. भाऊ धावत आत आले तेव्हा सगळा विभाग खिडकीशी उभा होता.

आता आपलं काही खरं नाही, असं भाऊंना वाटलं. त्यांनी चष्म्याची हकिकत चाचरत सांगितली. सरांनी ती शांतपणे ऐकली आणि भाऊंना मिठी मारली. मिठी मारायची सवय नसल्यामुळे त्यांनी ती खांद्याने मारली. मुखवट्यावर चष्मा वरूनही लावता येतो, ही अक्कल सगळ्यांना त्यानंतर आली.

“तुमचा चेहरा आता विभागाचा आहे, भाऊ,” सर म्हणाले. “जपा त्याला.”

जपायचं म्हणजे मिशी ठेवायची नाही, केस वेगळे कापायचे नाहीत, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे कावळ्यांना खाऊ घालून त्यांच्याशी समेट करायचा नाही. रोज ठरलेल्या वेळी भाऊंनी अंगणातून चालायचं आणि पोरांनी खिडकीतून बघायचं, असं संशोधन सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललं. ज्या कावळ्यांना भाऊंनी कधी हात लावला नव्हता तेही ओरडू लागले. त्यांची पोरं उडायला शिकली ती भाऊंच्या डोक्याच्या दिशेने. सर जगभर व्याख्यानं देत हिंडले, आणि प्रत्येक व्याख्यानात भिंतीवर भाऊंचा फोटो लागे. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. खरं असेल, पण गाईला भाजी आणायला जावं लागत नाही.

“तुमची इतकी आठवण तुमच्या सख्ख्या भावाने कधी ठेवली नाही,” असं वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, म्हणत. त्यांचा स्वभाव असाच. मात्र तोडगाही त्यांनीच काढला. ज्या मुखवट्यावर कावळ्यांचा राग नाही, तोच घालून बाहेर जा की, असं त्या एकदा सहज म्हणाल्या. भाऊंनी करून पाहिलं. झाडाखाली उभे राहिले, वर पाहिलं, खोकले. वरचा कावळा पंख साफ करत राहिला. त्या दिवसापासून भाऊ सरांच्या चेहऱ्याने भाजी आणू लागले. वहिनींची अट एकच होती. परपुरुषाचं तोंड घरात आणायचं नाही. म्हणून मुखवटा जिन्याखाली विजेच्या मीटरच्या पेटीत राहू लागला. भाऊ बाहेर पडताना तो चढवत आणि आत येताना उतरवून ठेवत.

सरांच्या चेहऱ्याने जगणं काही वाईट नव्हतं. लोक वाट द्यायचे. गणित विभागातले एक प्राध्यापक त्यांना रस्त्यात गाठून गाड्या लावायच्या जागेबद्दल तासभर तक्रार करत राहिले. मुखवट्यावरची रेघ हलली नाही आणि प्राध्यापक समाधानाने निघून गेले. एकदा तर शिपायाने त्यांना हाताला धरून एका बैठकीत नेऊन बसवलं. भाऊ तोंडातून ब्र काढू शकले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला संमती समजून दोन विभाग एक झाले. सर परत आले तेव्हा त्यांचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, आणि ते कशाबद्दल हे विचारणं त्यांना बरं दिसेना.

मग ठकी आली. ठकी म्हणजे भाऊंच्या लेकीची लेक, नुकती बालवाडीत जाऊ लागलेली. लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली आणि पोर आजीआजोबांकडे राहिली. शाळा आवाराच्या पलीकडच्या टोकाला होती. तिला शाळेत न्यायचं आणि आणायचं काम भाऊंनी मागून घेतलं. आयुष्यात एवढ्या हौसेने त्यांनी दुसरं कुठलंच काम मागितलं नव्हतं. तिचा हात धरून चालायला मिळालं की त्यांना आभाळ ठेंगणं व्हायचं.

पण उघड्या तोंडाने जाणं शक्यच नव्हतं. कावळे भाऊंना ओळखत होते तेवढंच नाही, भाऊंबरोबर दिसणाऱ्या माणसालाही ते लक्षात ठेवत. एका विद्यार्थ्याने भाऊंच्या शेजारी उभं राहून एकदाच चहा प्यायला होता. त्याला पुढची पदवी दुसऱ्या शहरात जाऊन घ्यावी लागली. ठकीच्या डोक्यावर तसं काही आलं तर स्वतःला माफ करता येणार नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी ते आधी खाली उतरत, मुखवटा आणि वरून चष्मा चढवत, आभाळाचा अंदाज घेत. मग वहिनी ठकीला दारात आणून सोडत आणि म्हणत, “जा आबांबरोबर.” दुपारी तिला दारातच वहिनींच्या हाती देऊन भाऊ परस्पर कामावर जात. संध्याकाळी मुखवटा पेटीत ठेवून घरात येत ते स्वतःच्या तोंडाने.

वाटेत ठकी त्यांना “तुम्ही” म्हणायची. घरी “ए आबा” असायचं. शाळेने चांगलं वळण लावलं, असं भाऊंना वाटे.

एके दिवशी सकाळी, अर्ध्या वाटेत, ठकीने विचारलं, “आबा, तुम्ही घरी का येत नाही? घरी दुसरे आबा आहेत म्हणून?”

भाऊंना आधी काही उमजेना. मग ती आपल्या नादात सांगत सुटली. घरचे आबा गोष्ट छान सांगतात, पण ते शाळेत सोडायला कधीच येत नाहीत. आजी म्हणते, ते कावळ्यांना घाबरतात. ते खिडकीतसुद्धा उभे राहत नाहीत. तुम्ही बघा, कश्शाला घाबरत नाही.

“घरच्या आबांना सांगू नका हं,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना वाईट वाटेल.”

भाऊ चालत राहिले. पोरीचा हात हातात होता आणि तो हात पोर दुसऱ्याच कोणाला देत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिथल्या तिथे मुखवटा ओढून काढावा असं त्यांना वाटलं, पण वर तारेवर कावळे बसलेले होते. दुपारी आणायला गेलो की घरी येऊन मीटरची पेटीच तिला उघडून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. वहिनी काय म्हणायचं ते म्हणोत.

पण दुपारी शाळेत सर आलेले होते. कावळ्यांविषयी मुलांना चार शब्द सांगा, म्हणून बाईंनी त्यांना बोलावलं होतं. सरांनी चाराच्या जागी बरेच शब्द सांगितले, मुलं झोपली, शाळा सुटली, आणि सर सुटकेचा श्वास टाकत फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. ठकी धावत आली आणि तिने त्यांचं बोट धरलं. सर दचकले. आजवर कुठल्या प्राण्याने आपणहून त्यांचं बोट धरलं नव्हतं. ते सोडवून घ्यावं की कसं, हे त्यांना कळेना, म्हणून ते तसेच उभे राहिले. आणि ठकी त्यांना डब्यात काय उरलं ते सांगू लागली.

एवढ्यात भाऊ पोचले. तोच चेहरा, तसाच चष्मा. फाटकाशी बाई मुलांना ज्याच्या त्याच्या माणसांकडे सोपवत होत्या. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि बाकीची मुलं आत ठेवून दोन्ही हातांनी फाटक लावून घेतलं.

“ठकीचे आजोबा यातले कोणते?” त्यांनी विचारलं. नियम म्हणजे नियम, असंही त्या म्हणाल्या. मुलगी ओळखीच्या चेहऱ्याकडेच द्यायची, आणि इथे तर ओळखीचे चेहरे गरजेपेक्षा जास्त झाले आहेत.

ठकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचं तोंड रडवेलं झालं. मग तिने सरांचं बोट आणखी घट्ट धरलं.

ते बोट भाऊंना दिसलं आणि त्यांनी मुखवटा काढला.

बाईंनी हा माणूस जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्या दोन पावलं मागे सरल्या. ठकी मात्र डोळे विस्फारून बघत राहिली.

“घरचा आबा,” ती म्हणाली. “तू बाहेर कसा आलास?”

“मीच येतो गं रोज,” भाऊ म्हणाले. “या रबराच्या आत मीच असतो.”

पुढचं बोलणं कावळ्यांनी होऊ दिलं नाही. एक ओरडला, मग तारा रिकाम्या झाल्या, मग झाडं. भाऊंच्या हातून मुखवटा गळून पडला. एका कावळ्याने टाळू टोचली, दुसऱ्याने चष्मा तिरका केला. बाकीच्यांनी एवढ्या दिवसांची बाकी राहिलेली बोलणी एकदम ऐकवायला सुरुवात केली. भाऊंनी डोकं झाकलं नाही. ते ठकीपासून लांब लांब सरकत गेले.

“सरांच्या मागे उभी राहा,” ते ओरडून सांगत होते. “माझ्याजवळ येऊ नकोस. मग ते तुलाही ओळखून ठेवतील. सर, तुम्ही सोडा तिला घरी.”

सरांनी मान हलवली. सोबतच्या लहान मुलावर कावळे कितपत राग धरतात, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या संशोधनात पहिलाच होता, आणि त्याचं उत्तर समोर पायाशी उभं होतं. त्यांनी गळ्यातल्या दुर्बिणीला हात लावला. मग तो हात काढून घेतला.

ठकीने त्यांचं बोट केव्हाच सोडलं होतं. ती वाकली, धुळीत पडलेला मुखवटा उचलला, फ्रॉकला पुसला आणि डोक्यावरून ओढून घेतला. तो तिला गळ्याच्याही खाली आला. डोळ्यांची भोकं कपाळावर गेली, म्हणून ती तोंडाच्या फटीतून बघू लागली. दप्तर पाठीला लावलेला, कंबरेएवढ्या उंचीचा विभागप्रमुख भर रस्त्यातून चालत भाऊंकडे गेला. कावळ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

भाऊंच्या हातात छोटासा हात आला. त्यांनी खाली पाहिलं. तिथे सरांचा चेहरा होता, निर्विकार, एका बाजूला कललेला. त्याच्या तोंडातून ठकीचा दबलेला आवाज आला.

“आबा, घाबरू नकोस,” ती म्हणाली. “आज मी तुला घरी सोडते.”