आई राहायला आली म्हणून भाडं वाढणार?

मंडळी, आज सकाळी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. आगाशीतल्या माझ्या भाडेनियंत्रणातल्या खोलीत गेल्या आठवड्यात आई कायमची राहायला आली.

२. घरमालक काका म्हणाले, "दोरीवर पातळं वाळतायत, पोरी. तू तर पातळ नेसत नाहीस. माणूस वाढलं की भाडं वाढतं."

३. "काका, ती माझी आई आहे, पोटभाडेकरू नाही."
"पावतीवर नाव एकटीचं आहे."

४. आईने ऐकलं. "माझ्यापायी तुला भुर्दंड नको," म्हणत पिशवी भरायला घेतली.

नऊ वर्षं मी रोज स्वतःच कुलूप काढून घरात शिरत होते. या आठवड्यात दार आतून उघडलं जायचं. मला ते हवं आहे.

घरचं माणूस वाढलं म्हणून भाडं वाढवता येतं का? आई रविवारच्या एसटीने गावी निघणार आहे. नक्की माहिती असलेल्यांनी कृपया शनिवारपर्यंत कळवावं.