कानावर ठरलेली नजर

ती तुमच्याशी बोलायची ती तुमच्या उजव्या कानाच्या वर बघून. कोण आलं म्हणून तुम्ही मागे वळायचात. मागे कोणी नसायचं. वर ऐकून घ्यावं लागायचं, "तुमालेच पाहून राहिली ना, मांगं काहून पायता?"

अमरावतीत डोळ्यांच्या दवाखान्यात नजर कुठवर पोचते ते तपासायचं मशीन मी चालवते. मधल्या दिव्याकडे टक लावायची, आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. वलगावची ही फुलवाली म्हातारी पहिल्यांदा बसली आणि तिची नजर नुसती भिरभिरत राहिली. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी खेकसलेच, "आजी, मधला दिवा बघा!"

"मधात काईच नाई वो बाई. मधात भोक हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रोज लोकांचे डोळे तपासणारी मी, आणि एवढं कळू नये? डॉक्टरांनी सांगितलं, मधली नजर गेली ती आता येत नाही. कडेची शाबूत आहे.

म्हातारीला रडायला फुरसत नव्हती. मुलाने मुदत दिली होती, दसऱ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर दुकानावर सून बसेल. "घरी बसून काय पाहू? भित? थे तरी कुठं धड दिसते!" मग तिने मलाच कामाला लावलं. "कोन्या कोपऱ्यातून चांगलं दिसते, थे शोधून दे मले."

दिलं शोधून. तिची उजवीकडची खालची बाजू स्वच्छ निघाली. म्हणजे समोरच्या चेहऱ्याच्या जरा वर, डावीकडे बघायचं, की चेहरा त्या चांगल्या बाजूत येतो. पट्ठीने घरादारावर सराव केला, शेवंतीवर, सुनेवर, बसच्या कंडक्टरवर. बोलता बोलता मी सांगून बसले, की प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून एक लहानसं आंधळं ठिकाण असतं, मेंदू ते झाकून घेतो. झालं! बाजारभर सांगत सुटली, "तुमाले बी भोक हाय. माहं जरा मोठं हाय, बस."

दसऱ्याच्या सकाळी मी मुद्दाम गेले. झेंडूला ही गर्दी. ती आपली विजेच्या खांबाकडे तोंड करून बसलेली. एका सद्गृहस्थाला वाटलं, म्हातारीचं लक्ष नाही. त्याने एक हार हळूच पिशवीत सारला. कडेच्या नजरेला बारीक अक्षर वाचता येत नाही, पण हललेलं काही तिच्यातून सुटत नाही, हे त्याला कोण सांगणार?

"भाऊ, थो हार काढा बाहीर," ती खांबाकडेच बघत म्हणाली. "आन् हासू नका, थे बी दिसते."

मुलगा मागेच उभा होता. त्याने चहा आणला आणि तिच्या उजवीकडे, खाली, बरोबर तिला दिसेल तिथे ठेवला. त्यानंतर दुकानाचा विषय त्या घरात निघाला नाही.

या उन्हाळ्यात ती गेली. परवा फुलं आणायला गेले तर सून बसलेली. गुणाची आहे हो पोर. तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय देऊ ताई?"

तिची नजर आता माझ्या कानाच्या वर सरकेल, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. ती काही सरकली नाही, आणि मला तिथेच, भर बाजारात, रडू कोसळलं.