पहिला घड कुणी कापायचा

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "परवा द्राक्षं काढायचीत. उद्याच ये. पहिला घड तुझ्या हातून," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मला द्राक्षातलं खाण्यापलीकडे काही कळत नाही. लग्न झाल्यापासून मी नाशकात राहते, आणि पिंपळगावच्या बागेशी माझा संबंध पेटीभर द्राक्षं घरी येण्यापुरता.

आमच्या घरची रीत अशी: काढणीच्या सकाळी घरच्या सवाष्णीने वेलाला हळदकुंकू लावायचं, पहिला घड कापून देवापुढे ठेवायचा आणि मगच मजूर बायांनी कात्र्या घेऊन बागेत शिरायचं. इतकी वर्षं हे धाकट्या जावेकडे होतं आणि ते योग्यच होतं. बाग तीच बघते. मागच्या पावसाळ्यात माझे दीर अचानक गेले. त्यानंतरची छाटणी तिनेच करून घेतली, फवारणीचं वेळापत्रक तिनेच सांभाळलं, विरळणीला बायांच्या बरोबरीने उभी राहिली. घड धरले ते तिच्या जिवावर. पण कापायचा मी, कारण माझा नवरा हयात आहे. हा हयात नवरा बँकेत नोकरी करतो आणि बागेत आलाच तर बुटांना माती लागते म्हणून कुरकुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन पोचले. जाऊ स्वयंपाकघरात पुरणासाठी डाळ निवडत बसली होती, माझ्या हातून होणाऱ्या पूजेच्या नैवेद्याची. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"ऊठ. फिरायला जायचंय," मी म्हटलं.

"कुठं?"

"गंगापूर धरणाकडं. वाइनरी बघायला."

सासूबाई दारातच होत्या. "दारूच्या कारखान्यात? अन् हिला नेतीस? अजून वरीस नाय झालं."

"वर्ष झालं नाही तरी फवारणी चालते ना तिची? मग फिरणंही चालेल."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचा राग मला नवा नाही. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घर त्यांच्याच शब्दावर चालतं आणि त्यांना उलट बोलणारी घरात मी एकटीच. जाऊ म्हणाली, "लोक काय म्हणतील, ताई." पण म्हणता म्हणता तिने डाळीचं ताट बाजूला सारलं आणि हात धुतले.

नाशिक ओलांडून धरणाच्या रस्त्याला लागलो तेव्हा पुढे-मागे सगळ्या मुंबईच्या गाड्या. वाइनरीच्या दारात तिकीट काढलं. जाऊ पदर घट्ट लपेटून माझ्या मागे मागे चालत होती. आमच्या गटात टोपीवाल्या बायका होत्या, गॉगलवाले पुरुष होते, सगळे हसत-खिदळत. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं, पण हे जावेला पटायला वेळ लागला.

माहिती सांगणारी मुलगी आम्हाला बागेत घेऊन गेली. पाहुण्यांनी एकेक घड स्वतः कापायचा, असा तिथला कार्यक्रम. वेल दिसताच जाऊ आपसूक सगळ्यांच्या पुढे गेली होती, त्यातून साडी नेसलेली, म्हणून मुलीने कात्री तिच्याच हातात दिली. "करा सुरुवात, मावशी."

जावेने घड तळहातावर तोलला, जरा वाकून बघितला आणि कात्रीच्या टोकाने आतले बारके मणी टपाटप गाळायला लागली. विरळणी. हाताला सवयच तशी; आमच्याकडे घड दाट राहिला की मणी फुगत नाहीत.

"अहो मावशी, राहू द्या, राहू द्या," मुलगी घाईने म्हणाली. "वाइनला बारीकच मणी लागतात."

सगळे हसले. जाऊही हसली, कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "सवय हो. हात थांबत नाय."

"आता कापा."

हसू तिथंच थांबलं. तिने कात्री माझ्यापुढे धरली. "तुम्ही कापा, ताई. पहिला घड हे."

माझा संताप अगदी डोळ्यांत आला. बाग परक्याची, माणसं परकी, ना पूजा ना नैवेद्य. आणि इथंसुद्धा ही बाई आपला हात मागे घेत होती. घरच्यांनी तिला बाहेर ठेवलं होतं ते पुरेसं नव्हतं; आता ती स्वतःच स्वतःला सगळीकडे बाहेर ठेवत होती. "मी नाही कापणार," मी म्हटलं. "कापायचा तर तू काप, नाहीतर राहू दे."

आम्ही दोघी हट्टाला पेटलेल्या. मुलगी बिचारी गोंधळली. तेवढ्यात एका टोपीवाल्या बाईने "मी करू का?" म्हणून जावेच्या हातातून कात्री घेतली, घड कचकन कापला, वर धरून फोटो काढला आणि पुढे गेली. जाऊ तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

पुढे एका हौदात द्राक्षं पायांनी तुडवायची होती. ते बघून जावेने कपाळाला हात लावला. "खायच्या वस्तूवर पाय? नाय बा," म्हणाली आणि लांब जाऊन उभी राहिली. वाइन मात्र तिने चाखली. माझी अपेक्षा नव्हती. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला कमी, आणि मग ग्लास रिकामा करून म्हणाली, "आंबटच हे. पण वाईट नाय." मग मला म्हणाली, "आत्याबाईंना सांगू नका." सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते. मी म्हटलं, मी तर मुद्दाम सांगणार. त्यावर ती मोकळेपणाने हसली. दीर गेल्यानंतर ते हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

परतताना ती खिडकीबाहेरच्या बागा बघत होती. पिंपळगावचा फाटा आला तेव्हा एकदम म्हणाली, "ती टोपीवाली बाई. तिला नवरा असंल का?"

"मला काय माहीत."

"तेच म्हणते मी. कुणी विचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर बाया कॅरेट घेऊन बागेच्या तोंडाशी बसल्या होत्या. व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. सासूबाई बांधावर थांबून सूचना देत होत्या. सासरे गेल्यापासून बांधाखाली त्या या दिवशी कधी उतरत नाहीत, त्यांची जागा ठरलेली. हळदकुंकवाचं ताट माझ्यापुढे आलं. मी हात पुढे केले नाहीत.

"मला यातलं काही कळत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ज्याने बाग पिकवली त्याने कापावं. नाहीतर बाग उभी राहू द्या."

"तमाशा करू नको," सासूबाई म्हणाल्या. "टेम्पो खोळंबलाय."

"खोळंबू द्या."

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, म्हणून जाऊ कधी आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कात्री तिच्या कमरेला खोचलेली होती. तिने ताट उचललं, पहिल्या वेलाच्या खोडाला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. मग घडाचा देठ धरला आणि कापला. कापलेला घड तिने तळहातावर झेलला. एक म्हातारी मजूरबाई "बरं झालं माय" असं पुटपुटली. 

सासूबाई काही म्हणणार एवढ्यात जाऊ त्यांच्याकडे वळली. घड तिने ताटात ठेवला आणि कात्री मुठीकडून त्यांच्यापुढे धरली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "दुसरा तुम्ही कापा."

सासूबाईंनी आधी बायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी पदर खोचला आणि बांधावरून खाली पाय टाकला.